बापाची केस बापाची

जरा जवळ सरक, पोरी. कागदावरून बोलते म्हणून लांब बसून ऐकू नको. नर्सची नोकरी लागली, गाव सुटलं, ते ठीक. पण बापाच्या एका शब्दावर रुसून तू दिवाळीलाही आली नाहीस, हे तुझ्या मोठ्या आईला काही पटलं नाही. तुझा बाप म्हणजे माझा धाकटा दीर. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून पाहते, त्याच्याइतका संशयी माणूस बेल्यापासून उटनूरपर्यंत दुसरा जन्मला नसेल. माझ्या हातचा पहिला चहा त्यानं आधी मांजरीला पाजला होता. मांजर मजेत मिशा चाटत बसली, तेव्हा कुठं यानं कप तोंडाला लावला.

कुत्रं भुंकलं तर हा उठत नाही. ते भुंकायचं थांबलं काऊन, हे पाहायला उठतो. मोबाईल तुरीच्या डब्यात ठेवतो. मग डबाच वाजतो, अन हा झाकण काढून विचारतो, "माहा नंबर तुले कोनं देल्ला?" परवा हे मलाच विचारलं. नंबर त्यानंच दिला होता मला.

आणि वजनकाटा दिसला की हा आधी स्वतः वर चढणार. आपलं वजन त्याला तोंडपाठ. काट्यानं कमी दाखवलं तर काटा खोटा, जास्त दाखवलं तरी खोटा. एका वर्षी व्यापारी गावात कापूस घ्यायला आला, तेव्हाही हा चढला. काटेवाला म्हणाला, "उतर ना, बुढ्ढे." हा म्हणाला, "पह्यले मले मोज." ओढाओढ झाली, काटेवाला मागं पडला अन त्याचा हात मोडला. झाली मारहाणीची केस. यानं ढकललं की तो आपला आपण घसरला, हे कोर्टात अजून ठरायचंच आहे. जमानत झाली, कोर्टाच्या तारखा अन पेश्या सुरू झाल्या, आणि तुझ्या बापाच्या संशयाला जणू सरकारी मंजुरीच मिळाली.

वकील खरं सांगतो का, हे तो दुसऱ्या वकिलाला विचारतो. दुसरा खरं सांगतो का, हे कोर्टासमोरच्या पानठेलेवाल्याला. त्या ठेलेवाल्यानं एकदा पान लावता लावता सांगितलं, "घरात केस असली की पोरायले सरकारी नोकरी नाही." हे मात्र यानं लगेच खरं मानलं. जन्मात एका माणसावर विश्वास ठेवला बाई, तोही नेमका चुकीच्या.

तेवढ्यात सरकारी दवाखान्यात तुझी निवड झाली. पोलीस घरी येऊन चौकशी करतात हे कळल्याबरोबर तो अंथरूण उचलून वावरात राहायला गेला. "वहिनी," म्हणे, "पोलिसानं घर पाह्यलं, त घरात आरोपी दिसला नाई पाह्यजे." शिपाई आला तेव्हा मी त्याला ओसरीवर खुर्ची दिली, चहा टाकला. पण वावरातून तुझ्या बापाला मोटरसायकल दिसलीच. डोक्यात कापूस, पायात एकच चप्पल, असा धावत आला आणि कुणी काही विचारायच्या आधीच हात जोडून उभा राहिला.

"साहेब, ते पोरगी माही नाई. भावाची हाये. केस माह्यावर हाये, तिच्यावर काई नाई."

शिपायाच्या हातातल्या कागदावर बापाचं नाव होतंच. तो हसला. "मामा, केस लडकी पे है क्या?"

"नाई."

"तो बस. बाप का केस बाप का. और आप का भी फैसला अभी कहाँ हुआ?"

चहा पिऊन तो गेला. पण ओसरीसमोर जमलेल्या गावानं फक्त पहिलं वाक्य ऐकलं, आणि कुणीतरी तेवढंच तुझ्यापर्यंत पोचवलं. तू मला फोनवर म्हणालीस, "मोठी आई, बापानं मले नाकारलं." अगं, त्या माणसाकडं तुला द्यायला दुसरं होतं काय? आपलं नाव तेवढं तुझ्यावरून काढून घेता येतं का, ते त्यानं पाहिलं.

शिपाई गेल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, आता तरी घरात झोपा." तर म्हणे, "इतकं गोड बोलला, म्हंजे काई तरी डाव हाये. पोरगी नोकरीत पक्की होऊ द्या. तवर इकडं येऊ नको म्हना." म्हणून तो तुला नको म्हणतो. राग नाही तो, भीती आहे.

नको म्हणतो आणि सांजच्या आदिलाबादच्या बसला रोज थांब्यावर जाऊन उभा राहतो. एकदा मी विचारलं, "कोणाची वाट पाहून राह्यले?" तर म्हणाला, "वाट नाई वहिनी. गावात कोन नवीन मानूस उतरते, त्यावर ध्यान ठेवून राह्यलो." शेवटचा माणूस उतरेपर्यंत ध्यान ठेवतो. बस वळून गेली तरी थोडा वेळ तिथंच असतो.

वकील सांगतो, निकाल लागेपर्यंत त्याला कुणी गुन्हेगार म्हणू शकत नाही. कोर्ट अजून थांबलं आहे, पोरी. मग तूच काऊन शिक्षा देऊन राह्यली? निकाल लागायचा तेव्हा लागेल. तू या आठवड्यात ये. सांजच्या बसनं ये, आणि सगळ्यांच्या आधी उतर.