सोमवारचा पॅच

बाईंनी पॅच, म्हणजे प्रोग्रामातलं भोक बुजवणारं ठिगळ, सोमवारी सकाळी अकरा चाळीसला पुरा केला आणि शुक्रवारी दुपारपर्यंत कुणाला त्याचा वास लागू दिला नाही. गोष्ट एवढीच. पण ती शिजायला एकोणीस वर्षं लागली होती.

फाइल दाखवणाऱ्या एका जुन्या प्रोग्रामची देखभाल बाईंकडे होती. काळ्या स्क्रीनवर त्याचं नाव टाइप करायचं, पुढे फाइलचं नाव द्यायचं, की फाइल पानापानाने समोर येणार. ना चित्रं, ना बटणं. पण दवाखाने, गोदामं, शाळांची ऑफिसं, जिथे जिथे जुनी मशीन होती तिथे हा गडी मुकाट राबत होता. त्याला ओळखणारी दोनच माणसं ऑफिसात उरली होती. तिसऱ्या मजल्यावर जिन्यामागच्या खोलीत बाई, आणि सहाव्या मजल्यावर काचेच्या केबिनमध्ये साहेब.

एके काळी दोघं एकाच टेबलावर बसत. फाइलचं नाव ठेवायला हा प्रोग्राम मेमरीत दोनशे छप्पन्न घरं राखून ठेवतो. नाव त्याहून लांब असेल तर उरलेली अक्षरं शेजारच्या घरांत सांडतात, आणि तिथे प्रोग्रामच्या स्वतःच्या कामाचे हुकूम असतात. कुणी मुद्दाम बेतून लांब नाव दिलं, तर मशीन त्या परक्याचेच हुकूम पाळू लागतं. म्हणून बाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या: आधी नाव मोजायचं, मोठं असलं तर दारातूनच परत पाठवायचं. एका बड्या ग्राहकाला प्रोग्राम दाखवायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी वेग वाढवायला त्या दोन्ही ओळी उडवल्या.

"एवढं लांब नाव देणार कोण? या बाईंना दोरीतही साप दिसतो," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे हसले. त्या दिवसापासून त्या 'भित्री बाई' झाल्या. साहेबांना बढती मिळाली, बाईंना जिन्यामागची खोली. अपमान गिळावा म्हणतात. बाईंनी तो गिळला नाही, गालात धरून ठेवला.

आणि आता दूरच्या एका अभ्यासकाचं पत्र आलं होतं. तुमच्या प्रोग्रामला भोक आहे, नव्वद दिवसांत बुजवा, नाहीतर मी जाहीर करेन. ते पत्र साहेबांच्या टपालात पंच्याऐंशी दिवस कुजलं आणि त्या सोमवारी खाली आलं. सोबत चिठ्ठी: 'बाई, जरा बघा.'

बाईंनी प्रोग्रामचा इतिहास उघडला. या धंद्यात प्रत्येक ओळीची जन्ममृत्यूची नोंद असते, कुणी लिहिली, कुणी काढली, कधी, कशासाठी. तिथे त्यांच्या दोन ओळी मरून पडल्या होत्या. काढणाऱ्याचं नाव साहेबांचं. कारण: 'उगाच भीती. गरज नाही.' बाई एकट्याच खोलीत मोठ्याने हसल्या. मग त्याच दोन ओळी पुन्हा टाइप केल्या, तपासल्या आणि ठेवून दिल्या.

ठेवून दिल्या, कारण शुक्रवारी चार वाजता साहेबांचा निरोप समारंभ होता. आणि ऑफिसचा नियम असा, की पॅचवर दुसऱ्या जाणकाराची सही लागते आणि ज्याच्या हातून भोक पडलं त्याने स्वतःच्या शब्दांत कारण लिहायचं. ती नोंद वापरणाऱ्या सगळ्यांना जाते, ऑफिसच्या हॉलमधल्या पडद्यावरही झळकते. हारतुरे चालू असतानाच ती झळकावी, एवढीच बाईंची इच्छा होती.

बुधवारी त्यांच्या वहिनीचा फोन आला. ती एका दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची.

"वन्सं, आमचं मशीन सकाळपासून बंद पडलंय हो. एकाही पेशंटचा रिपोर्ट दिसेना."

त्या भोकातून कुणी शिरलं तर नाही? अर्धा तास त्या पॅच उघडून बसल्या. मग पुन्हा फोन. झाडताना कुणाच्या तरी पायाने वायर निघाली होती. बाईंनी सुस्कारा सोडला आणि पॅच पुन्हा बंद केला. हे मलाही आवडलेलं नाही, पण झालं ते असं.

शुक्रवारी तीन वाजता त्या सहाव्या मजल्यावर गेल्या. साहेब नवा कोट घालून बघत होते.

"सही हवी. आणि कारण लिहा."

साहेबांनी स्क्रीनवर वाचलं आणि कीबोर्ड जवळ ओढला. "जुन्या काळातली चूक, असं लिहितो."

"कुणाची?"

"बाई, शेवटचा दिवस आहे माझा. झालं गेलं सोडा ना."

"उद्या तो माणूस जाहीर करणार. सही कुणापाशी अडली, तेही मी लिहीन."

साहेबांनी लिहिलं: 'नाव मोजणाऱ्या ओळी बाईंनी लिहिल्या होत्या. मी त्या काढल्या. चूक माझी.' बाईंनी ते दोनदा वाचलं. जन्मात काही इतकं गोड लागलं नव्हतं.

मग साहेबांची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. पॅच लिहिला कधी आणि सोडला कधी, या दोन्ही वेळा मशीन आपणहून टिपतं. चार दिवस साहेबांचं नाव चघळताना बाई आपली तारीख विसरल्या होत्या.

"सोमवार, अकरा चाळीस," साहेब हळूच म्हणाले. "चार दिवस भोक उघडं ठेवलंत? माझ्यासाठी?" आणि ते हसले. "तारीख एका कमांडने बदलते. माझं वाक्य खोडा, मी तुमचा सोमवार शुक्रवार करतो. कुणाला कळणार आहे?"

एवढं लांब नाव देणार कोण, असं ते याच सुरात म्हणाले होते.

"सोमवार राहू दे," बाई म्हणाल्या.

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. सही करा."

साहेबांनी सही केली. बाईंनी त्यांच्याच कीबोर्डवर बटण दाबून पॅच सगळ्यांकडे सोडला.

चार वाजता हॉलमध्ये हार घालायला उठलेला माणूस पडदा वाचून तसाच उभा राहिला. टाळ्या मध्येच थांबल्या. साहेब खाली मान घालून बसले होते. बाई मागच्या भिंतीला टेकून हे सगळं डोळे भरून बघत होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"वन्सं, तुमच्या ऑफिसची नोंद आलीय इथे," वहिनी म्हणाली. "हे सोमवारीच तयार होतं? मी बुधवारी फोन केला, तेव्हाही?"

बाई हो म्हणाल्या. वहिनीने फोन ठेवला.