वशिंड आणि धाव

"वशिंड न्हाई घालणार म्हंजे? आवं मिस्त्री, त्या वशिंडासाठीच तर तुमास्नी बोलावलंय."

"मग बोलवाय चुकलास गड्या. वशिंड खंडाळ्याचं हाय. ते तितंच ऱ्हाऊ दे."

ठेकेदार रविराजनं कपाळाला हात लावला. सांगलीत विश्रामबागेतल्या एका मैदानात स्केटपार्क व्हायचं होतं. चाकाच्या फळीवर उभं राहून पोरं घसरतात, तो काँक्रीटचा खोलगट खड्डा. खंडाळ्याच्या खड्ड्याचा फोटो बघून महापालिकेच्या साहेबांनी मंजुरी दिलेली. आणि तो खड्डा केलेला कृष्णात मिस्त्रीनं.

कृष्णात माण तालुक्यातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाप मेंढरांमागं गेला, हा मुंबईला पुलांच्या कामावर. सरळ भिंत कुणीबी घालतं, कृष्णातचा हात बसायचा तो वळणावर. थापी अशी फिरवायचा की वाळल्यावर बोट कुठं अडायचं नाही. हे तो स्वतःच सांगायचा, दुसऱ्यानं म्हणायची वाट बघायचा नाही.

खंडाळ्यातलं काम त्यानं मोबाइलवर परदेशातला खड्डा बघूनच धरलं होतं. पण खोदताना मधोमध काळा खडक लागला आणि तो फोडायचं यंत्र आत न्यायला वाट नव्हती. कृष्णातनं खडकावरनंच काँक्रीट चढवलं, बैलाच्या वशिंडासारखं. पोरांनी नावही तेच पाडलं. त्यावरनं मारलेल्या उड्यांचे व्हिडिओ गावोगाव फिरले आणि पुढं जिथं स्केटपार्क तिथं वशिंड, खाली खडक असो नसो. एका गावात तर पाणी जायचं भोकसुद्धा खंडाळ्यासारखंच डाव्या अंगाला ठेवलेलं, आणि जमिनीचा उतार उजवीकडं. कृष्णात मुद्दाम बघायला गेला तेव्हा साठलेल्या पाण्यात म्हशी निवांत बसल्या होत्या.

"म्हशींस्नी मातूर लय आवडलंय," घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं.

"तुमचंच काम हाय की," रविराज आता गोडीत आला. "तुमीच केलं तर ती नक्कल कशी?"

"मीच माजी नक्कल केली, तर बाकीच्यास्नी कुठल्या तोंडानं शिव्या देऊ?"

"मग मला दुसरा मिस्त्री बघावा लागंल. मंजूर झालंय ते व्हायला पायजे."

कृष्णातनं तंबाखू थुंकली. दुसरा मिस्त्री वशिंड घालणार, सांगलीत आणखी एक नक्कल उभी राहणार, हे त्याला दिसत होतं. तेवढ्यात समीक्षा पुढं आली. तिथल्याच कॉलेजातली पोरगी, रोज फळी काखेत मारून खड्ड्याचं खोदकाम बघायला यायची.

"काका, मी दोन वर्षं तुमच्या वशिंडाचे व्हिडिओ बघतेय. मला तेच पाहिजे."

रविराजला उत्तर देणं सोपं होतं. हिला काय सांगायचं?

"बरं. घालून बगू. मुरमाचं."

कृष्णातची रीतच होती ती. काँक्रीटच्या आधी सगळा आकार मुरमात उठवायचा, धुमसानं ठोकून घट्ट करायचा, आणि त्यावरनं मोटरसायकलचा टायर सोडायचा. गड्यांनी वशिंड उठवलं. कृष्णातनं खड्ड्याच्या काठावरनं टायर सोडला. टायर खाली आला, वशिंडावर निम्मा चढला आणि आडवा झाला. समीक्षानं उचलून स्वतः सोडला. पुन्हा आडवा.

"खंडाळ्याला मागं लांब उतार हाय," कृष्णात म्हणाला. "हितं रान सपाट. रेटा कुटनं यायचा?"

"मग इथं काय चालेल?"

"बैल उलटा चालताना बघितलायस कवा?"

"आता बैल आणतायसा व्हय?" रविराज हसला.

"हास. आमच्या हिरीवर मोटंची धाव हाय, बैलाची उतरती वाट. बैल उतारानं म्होरं गेला की मोट वर येती, आन् मोट रिकामी झाली की बैल उलट्या पावली चढून वर. मोट कवाच बंद पडली. आमी पोरं त्याच धावंवर पत्र्यावर बसून घसरायचो."

समीक्षाचे डोळे मोठे झाले. "उलटं मी येते काका. फळी न फिरवता."

वशिंड फोडलं. तोच मुरूम एका टोकाला रचून लांब धाव केली आणि समोरची भिंत वळवून उभी केली. टायर धावेवरनं सुटला, भिंतीवर चढला आणि उलटा येऊन कृष्णातच्या गुडघ्याला लागला. मग चाकं मुरमात रुतू नयेत म्हणून वर सेंट्रिंगचं प्लाय अंथरून समीक्षा फळीवरनं निघाली. सुंकन खाली, भिंतीवर, आणि पाठमोरी परत धावेच्या माथ्यावर. तिथं मात्र तिचा पाय काठाबाहेर गेला आणि ती मुरमात बसली.

"वर रुंद करा," कपडे झाडत ती म्हणाली. "उलटं येताना मागचं दिसत नाही."

"बैलाला बी दिसत न्हाई. पर त्येला हाकणारा असतोय. तुला न्हाई, ते माज्या ध्यानात आलं न्हाई. करतो रुंद."

रविराजनं सगळं मोबाइलवर घेतलं होतं. त्यानं ते तिथंच उभ्यानं दोनदा बघितलं.

"साहेबांस्नी हेच दावतो," तो म्हणाला. "पर वशिंड कुटं हाय इचारलं तर?"

"खंडाळ्याला हाय म्हनावं. बगाय जावा."

रविराज मोटरसायकलकडं निघाला. कृष्णातनं गड्यांना मुरमाच्या पाट्या माथ्यावर आणायला लावल्या, समीक्षाला बाजूला सारलं आणि धुमस उचललं. माथ्याची कड अजून ढिली होती.