त्या दिवशी फाटक बंद होतं

त्या सकाळी मी देवाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते लपवून पुढचं सांगितलं तर त्या सांगण्याला काही अर्थ राहणार नाही.

मी कुंभकोणमचा. सव्वीस वर्षं भाड्याची गाडी चालवतो आहे. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राजवटीत इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात आमची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर पाय टाकला की तमिळ. महाराष्ट्रातली माणसं आमचं बोलणं ऐकून हसतात, म्हणून इथे जमेल तशी पुस्तकी मराठी लिहितो आहे, चूकभूल पोटात घ्यावी. नवग्रहांची नऊ देवळं एका दिवसात करून आणणं हा आमच्या गावच्या ड्रायव्हर लोकांचा मोठा धंदा. पहाटे निघायचं आणि बाराच्या सुमाराला देवळांची दारं लागायच्या आत पाच तरी उरकायची, नाहीतर चार वाजेपर्यंत खोळंबा. त्यामुळे आम्ही वेळेवर खात नाही. पाणीही जपूनच पितो, म्हणजे सारखं कुठे आडोशाला गाडी थांबवायला नको. ह्याला आम्ही हुशारी समजतो, कपाळ आमचं.

मला दोन वर्षांपूर्वी साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि एकही दिवस चुकवायची नाही म्हणून बजावलं. घरी बायको सोडून कुणाला मी हे कळू दिलं नाही. आजारी ड्रायव्हरच्या गाडीत बाळगोपाळ घेऊन कोण बसेल? आता आमच्या घरी एकादशी असते निर्जळी, आजोबांच्याही आधीपासून. बायको म्हणायची, गोळी घेता तर उपास सोडा. मी म्हणायचो, विठ्ठलाचं विठ्ठलाला आणि डॉक्टरचं डॉक्टरला. म्हणजे काय केलं मी? गोळीही कोरडीच गिळली आणि उपासही धरला. दोघांचा मान राखल्याच्या तोऱ्यात दर पंधरा दिवसांनी गाडीत बसत होतो. थोडा घाम, थोडी थरथर व्हायची, ती मी भक्तीच्या खात्यात टाकायचो.

त्या एकादशीला माझ्या गाडीत साताऱ्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. मी त्यांना बाई म्हणत होतो. बरोबर त्यांची मुलगी, आणि मुलीच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेलं. नऊ देवळं एकाच दिवसात करू असा बाईंनी नवस बोललेला, म्हणून त्या सारख्या घड्याळ बघत होत्या. चंद्र, गुरू, राहू झाले. पुढे सूर्यनार कोविल आणि शुक्राचं कंजनूर बाराच्या आत गाठायचं होतं. तिरुविडैमरुदूर गावाच्या अलीकडे मला दरदरून घाम फुटला. गाडीत तर थंड हवा चालू होती. समोरच्या बसचा मागचा फलक मला वाचता येईना. आता ह्या बसची पाटी मी रोज वाचतो. तरी मला थांबावंसं वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की जोरात दामटावं आणि एकदाचं पोचावं. डोकं चालेनासं झालं की आपलं डोकं चालत नाही हेही कळत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

तेवढ्यात पुढे रेल्वेचं फाटक पडलं. आणि तेव्हाच मी देवाला बोल लावला. म्हटलं, पांडुरंगा, तुझ्यासाठी पाण्याचा थेंब घेतला नाही आणि तू आज फाटक पाडतोस? चीड अशी आली की मी इंजिनसुद्धा बंद केलं नाही. गिअर टाकून, क्लच दाबून तसाच बसलो. पाय लटपटत होता. रूळ आमच्यापासून पन्नास पावलांवर.

फाटकापाशी एक रसवाली उसाच्या रसाचा गाडा लावते. थांबलेल्या गाड्यांच्या काचेशी पेले घेऊन यायचं हे तिचं रोजचं काम. ती माझ्या खिडकीशी आली, मी काच खाली करून हातानेच नको म्हटलं. ती गेली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली, मग तोंडाकडे. आणि काही न विचारता तिने खिडकीतून हात आत घातला, चावी फिरवली आणि काढून घेतली. क्लचवरचा माझा पाय सुटला, गाडी एक आचका देऊन बंद पडली, बाळ रडायला लागलं. मागून बाई ओरडल्या. मीही काहीबाही बोललो असेन, माझी जीभ जड झाली होती. तिने चावी कमरेला खोचली आणि पेला माझ्या तोंडाशी धरला. मी एकादशी म्हणालो. तेवढा एकच शब्द मला नीट बोलता आला.

ती तमिळमध्ये म्हणाली, "अण्णा, माझा नवरा लॉरी चालवायचा. त्यालाही साखर होती, त्याचाही उपास होता. त्या दिवशी फाटक उघडं होतं."

मी रस प्यायलो. दुसरा पेला प्यायलो. एक आगगाडी धडधडत गेली, तरी फाटक उठलं नाही, उलट्या बाजूने आणखी एक यायची होती. त्या दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू पुढच्या बसची पाटी वाचता यायला लागली, घाम वाळला, आणि मग मला बाळाचं रडणं ऐकू आलं. म्हणजे ते तोवर रडतच होतं, माझ्या कानापर्यंत पोचत नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरलो. आरशातून मागे बघायची माझी हिंमत होईना. फाटक उठलं. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. थकवा म्हणून सांगितलं असतं तर चाललं असतं. पण चावी अजून त्या रसवालीच्या कमरेला होती. लोकांच्या हातभाराने गाडी कडेला ढकलली आणि मी सगळं खरं सांगून टाकलं. गोळी, उपास, दोन वर्षांची लपवाछपवी. म्हटलं, आणखी तासभर तरी मी चालवणार नाही, तुमचा नवस मोडतो, दुसरी गाडी बोलावून देतो.

बाईंनी मला वर्गात उभं केल्यासारखं झापलं. ते सगळं लिहीत नाही, लायक होतो मी त्याला. मुलगी बाळाला छातीशी धरून बसली होती. मग बाईंनीच डबा उघडला, दोन धपाटे माझ्या हातावर ठेवले आणि समोर उभ्या राहून खायला लावले. म्हणाल्या, "नवस ह्या बाळासाठी होता. ते धड आहे ना? मग उरलेली देवळं उद्या करू. पण न्याहारी करून यायचं."

मी रडलो. पन्नाशीचा बाप्या, उसाच्या चोथ्याशेजारी बसून, एकादशीला धपाटे खात रडलो.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, रिकाम्या पोटी ही गोळी घेतली की रक्तातली साखर एकदम खाली जाते, उपासाची गोष्ट आधी का नाही बोललास, आणि गाडी चालवायच्या दिवशी उपास अजिबात नाही. आता विठ्ठलाच्या छोट्या तसबिरीखाली गुळाच्या खड्यांची डबी असते. गिऱ्हाईक बसलं की पहिल्यांदा सांगतो, मला साखर आहे, आठला आणि बाराला मी थांबून खाणार. काही जण उतरून दुसरी गाडी बघतात, बघू देत. एकादशीला मी फक्त नाम घेतो. आमचा देव कमरेवर हात ठेवून विटेवर थांबलेला, आणि मी त्याचा भक्त म्हणवणारा चार तास थांबायला तयार नव्हतो, हे मला पन्नाशीत कळलं.

पुढच्या एकादशीला रिकामी गाडी घेऊन, पोटभर जेवून, मी त्या रसवालीसाठी तुळशीचा हार घेऊन गेलो. वाटलं होतं, ती ओळखेल. तिला मी आठवलोच नाही. बरंच सांगितल्यावर म्हणाली, हात थरथरणारे पुष्कळ येतात अण्णा, मी सगळ्यांच्याच चाव्या काढते. हार तिने गाड्याच्या दांड्याला बांधला आणि मला बसायला गोणपाट दिलं. फाटक पडलेलं होतं. थोड्या वेळाने ते उठलं, सगळ्या गाड्या भराभर निघून गेल्या. मी खिशातली माझ्या गाडीची चावी काढून ह्या वेळी आपणहून तिच्या हातात दिली आणि आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिलो.