आईचा बिननावाचा देवदूत

आम्हा कॅथलिकांना प्रत्येकी एक राखणदार देवदूत मिळतो. अर्ज करावा लागत नाही आणि त्याची बदलीही होत नाही. माझ्या वाट्याला बहुधा कामचुकार आला. देवळीच्या बस स्टँडवर माझे दोन मोबाइल गेले तेव्हा तो कुठे झोपला होता कोण जाणे. या देवदूतांचा सण दोन ऑक्टोबरला असतो. वर्धा जिल्ह्यात त्या दिवशी त्यांच्याकडे ढुंकून कोण बघणार!

आईचा देवदूत मात्र राब राब राबायचा. बाबा गेल्यापासून ती सिंदी मेघेच्या घरात एकटी राहते. तिने देवदूताला एक नाव दिलं होतं आणि दिवसभर त्याच नावाने ती त्याला हाका मारायची. "काऊन रे, चष्मा कुठं ठेवला मी? तुले दिसत नाई का?" चष्मा सापडला की शाबासकी, दूध उतू गेलं की शिव्या. शेजारच्या काकू बौद्ध. त्यांना देवच मान्य नाही, तर देवदूत कुठून असणार? पण त्याही दारातून विचारायच्या, "आज काय केलं त्यानं, ताई?"

मग चर्चमध्ये नवे फादर आले. तरुण, केरळचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. आईने मोठ्या कौतुकाने त्यांना ते नाव सांगितलं. फादर गंभीर झाले. म्हणाले, "देवदूतांना आपण नाव देणे योग्य नव्हे. बायबलमध्ये तिघांचीच नावे आहेत. चर्चची तशी सूचना आहे."

आईने सूचना पाळली आणि घर मुकं झालं. मी रविवारी देवळीहून गेले, तर ती ओट्यापाशी तोंड मिटून उभी. "बिना नावाचं कोणाले आवाज देऊ? हवेले?" पुढच्या रविवारी दूध उतू गेलं, तरी तोंडातून चकार शब्द नाही. मला फादरांचा असा संताप आला! मी देवदूत मानत नाही, पण आईचं बोलणं मानते. तशीच तरातरा चर्चमध्ये गेले आणि त्यांना सुनावलं, "तिच्याशी बोलायला रोज तुम्ही येणार का?"

बिचारे घाबरले. "त्यांनी अवश्य बोलावे. फक्त नावाविना बोलावे."

घरी येऊन मी निरोप दिला.

"एवढंच व्हय? मंग पहिलेच नाई का सांगाचं?" आईने पदर सारखा केला आणि शेगडीकडे तोंड करून म्हणाली, "अवो, आयकलं का? गॅस बंद कराची याद देजा."

मी थक्क झाले. इकडच्या जुन्या बायकांसारखं आईनेही जन्मभर बाबांचं नाव घेतलं नव्हतं. 'अवो'वरच सगळा संसार केला. बाबा गेल्यानंतर ती हाक मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हटलं, "फादरले सांगू का, तू देवदूताशी लगन लावलं म्हणून?"

"सांग." ती हसली. "तुह्या बाबाले जिंदगीभर असाच आवाज देल्ला. पेपरातून मान वर नाई करत होते." मग ओल्या हाताने उगाचच ओटा पुसत राहिली. "पण आवाज द्याले होते ना वं ते."

मी संध्याकाळची बस जाऊ दिली.