चादरीच्या पलीकडे

आक्काने आपल्या गोष्टींतल्या भुताला पांढरं वस्त्र कधी नेसवलं नाही. "सगळा जन्म पांढऱ्या चादरींत गेला माझा," ती म्हणे. "त्यांतल्या एकीत जरी भूत असतं, तरी तेही धुऊन, पिळून, इस्त्री होऊन गिऱ्हाइकाकडे रवाना झालं असतं. आपल्याकडे काही मागे राहत नाही."

आक्का ज्या धुलाई कारखान्यात कामाला होती, तिथे शहरातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येत. हॉटेलच्या चादरीला कडेला निळा दोरा, इस्पितळाच्या चादरीला लाल. दोरा सोडला तर दोहोंत फारसा फरक नव्हता. दोन्हींवर माणसं तात्पुरतीच झोपत. चादरी तळघरात येत, वेगळ्या होत, धुतल्या जात आणि वरच्या मजल्यावर वाफेने तापलेल्या मोठमोठ्या रुळांमधून सपाट होऊन बाहेर पडत. तिथे घडीची टेबलं ओळीने मांडलेली होती. पहिलं टेबल रुळांच्या तोंडाशी, म्हणजे सगळ्यात गरम आणि सगळ्यात गोंगाटाचं. ते आक्काचं.

चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरायचं, ताणायचं, वर उचलून एक फटका द्यायचा, मग एकमेकींकडे चालत येऊन कोपऱ्याला कोपरा भिडवायचा. कोपरे भिडतात तेव्हा चेहऱ्याजवळ चेहरा येतो. रुळांच्या घरघराटात शेजारणीला हाक मारली तर ऐकू जात नसे, पण त्या एका क्षणी कानात एक वाक्य मावे. आक्का तेवढंच सांगे. एका घडीला एक वाक्य. समोरची बाई घडी ढकलगाडीवर ठेवायला गेली की ते वाक्य दुसऱ्या टेबलाच्या कानात टाकून येई, तिथून ते तिसऱ्याकडे जाई. पहिल्या टेबलावर नुसतं पाऊल वाजलेलं असे. शेवटच्या टेबलापर्यंत त्या पावलाचे ओले ठसेही फरशीवर उमटलेले असत. आक्काला याचा राग नव्हता. गोष्ट हातोहात जाताना थोडी सैल पडणार, थोडी फुगणार. चादरीसुद्धा तशाच होतात.

तिची सगळ्यात गाजलेली गोष्ट त्याच खोलीतली होती. फार पूर्वी, रुळांना जाळी नव्हती तेव्हा, एका बाईची बाही आत ओढली गेली. आरडाओरडा झाला, यंत्र थांबवलं, रूळ उचलले. बाही निघाली, कडक इस्त्री झालेली. बाई निघाली नाही. तेव्हापासून ती जोडीदार शोधते आहे. फटका द्यायला चादर वर जाते आणि क्षणभर समोरची दिसेनाशी होते ना, तेव्हा पलीकडचे कोपरे कोणी धरलेत याची खात्री देता येत नाही. म्हणून चादर खाली येईपर्यंत समोरचीला हाक मारायची नाही.

"का?" नवी मुलगी विचारी.

पुढच्या घडीला उत्तर येई. "कारण ओ येते."

विद्वान लोक माणसाने पहिली गोष्ट कोणती सांगितली यावर जाड पुस्तकं लिहितात. कोणी म्हणतं प्रेमाची, कोणी म्हणतं शिकारीची. आक्काचं मत तिला कोणी विचारलं नव्हतं, पण तिच्या घराण्याचा इतिहास त्या पुस्तकांइतकाच जुना असावा. तिची आई हाताने फिरवायच्या पिळणीवर काम करायची. आईच्या गोष्टीत पिळणीच्या पलीकडून कपडा ओढून घेणारे हात एक जोड जास्त असत. आजी नदीवर धुणं धुवायची. तिच्या गोष्टीत प्रवाहात सोडलेल्या लुगड्याचं दुसरं टोक पाण्याखालून कोणीतरी हलकेच ओढी. त्याआधी बहुधा कोणी कातडं धूत असेल, आणि त्याही कातड्याच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी असणारच. कापड बदललं, पाणी बदललं, पलीकडचं कोणी बदललं नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नवा मॅनेजर आला. तरुण, नीटनेटका, मृदू बोलणारा. मृदू बोलणाऱ्या माणसांचं एक बरं असतं, ती रागावलेली कळत नाहीत. वाईटही तेच. तो आला त्याच सुमाराला एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला आली आणि ऐन त्यांच्या समोर एका नव्या मुलीने किंचाळून चादर ओल्या फरशीवर सोडून दिली. चौकशी झाली. मुलीने रडत रडत सगळं सांगितलं, वर हेही सांगितलं की पुढे काय होतं ते अजून कळायचंय.

आक्काला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"बसा मावशी."

"उभीच बरी. बसलं की उठायला त्रास होतो."

"तुम्ही कामावर भुताच्या गोष्टी सांगता?"

"भुताच्या नाही साहेब. चादरीच्या."

"पण त्यात भूत असतं ना?"

"ते ऐकणारीवर आहे."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "हे बघा मावशी, कामाच्या ठिकाणी वातावरण आनंदी हवं. माणसांना घाबरवून काय मिळतं? सांगायचंच असेल तर काही चांगलं सांगा. उमेद वाढवणारं."

"सांगून बघितलं होतं. झोपल्या सगळ्या."

"मी आजच नोटीस लावतोय. भीतिदायक बोलणं बंद. यानंतर तक्रार आली तर तुम्हाला मळक्या खोलीत पाठवावं लागेल. माझा नाइलाज होईल."

मळकी खोली म्हणजे तळघर. तिथे आलेल्या चादरी वेगळ्या करायच्या. लाल दोरा इकडे, निळा तिकडे, जास्त डागाळलेली तिसरीकडे. वास, घाण, ओल यांचं आक्काला काही नव्हतं. पण ते काम एकटीचं होतं. तिथे समोर कोणी नाही, कोपरे भिडत नाहीत, कान नाही. माशाला पाण्याबाहेर बदली दिली तरी आदेशात भाषा अशीच सौम्य असेल.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. तो निवृत्त पहारेकरी. उभी हयात गोदामं राखली, पण घरात दिवा लावल्याशिवाय मोरीत पाऊल टाकत नसे, आणि याचं श्रेय चारचौघांत मोकळेपणाने बायकोला देई.

"सोडून दे ना अगं," तो म्हणाला. "थोडीच वर्षं राहिलीत. गप्प घड्या घाल."

"अहो, एक सांगा. माझ्या गोष्टींना तुम्ही एवढे घाबरता, मग रोज जेवताना 'पुढे काय झालं' म्हणून विचारता कशाला?"

"नाही विचारलं तर झोप लागत नाही."

"आणि विचारलं की लागते?"

"नाही लागत. पण मग जागं राहायला काही कारण तरी असतं." त्याने ताट पुढे सरकवलं. "त्या मुलीने चादर सोडली, मग पुढे काय झालं?"

आक्काला जे ठरवायचं होतं ते तिथेच ठरलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली होती, नेमकी पहिल्या टेबलासमोरच्या भिंतीवर. आक्काने ती सावकाश वाचली, कोपरे उचलले, मागे सरली, फटका दिला, पुढे आली आणि तिची जोडीदारीण हसरी, हिच्या कानात म्हणाली, "ती बाही पुन्हा दिसली म्हणे." हसरीला हसरी म्हणत कारण ती भीती वाटली की हसे. तिचं हसू खोलीभर दिसलं. दुपारपर्यंत बाही शेवटच्या टेबलावर पोचली होती, आणि संध्याकाळी आक्का तळघरात.

मळक्या खोलीत ती गप्प राहिली असती तर मॅनेजरचं बरं झालं असतं. वर गोष्ट थांबली असती तर आणखी बरं. पण पहिलं टेबल गप्प झालं तशी गोष्ट दुसऱ्या टेबलापासून सुरू झाली. मॅनेजर खोलीत आला की सगळ्या शहाण्यासारख्या घड्या घालत. तो पाठमोरा झाला की कोपरे भिडत. एकदा त्याने शेवटच्या टेबलावरच्या बाईला पकडलं. तिने मागच्या टेबलाकडे बोट दाखवलं, तिथल्या बाईने त्याच्या मागच्या. असं करत करत तो रुळांपर्यंत गेला आणि यंत्राला विचारायचं तेवढं बाकी ठेवून परतला.

हसरी रिकाम्या टोपल्या घेऊन तळघरात उतरे.

"आक्का, काल काय झालं ठाऊक आहे? ती बाही कुणाच्या तरी अंगात आहे."

"काय? हे कोणी घातलं त्यात?"

"कुणास ठाऊक. पण आपल्यातल्याच एकीच्या अंगात आहे. इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही म्हणे. बघून ओळखायची."

"माझी गोष्ट नासवलीत सटव्यांनो!" आक्का कडाडली. आणि हसरी जिना चढून दिसेनाशी झाल्यावर तिने हळूच आपल्या दोन्ही बाह्या बघितल्या. आपलीच गोष्ट आपल्याला घाबरवायला खाली आली, याचा तिला इतका आनंद झाला की लाल दोऱ्याच्या दोन चादरी निळ्यात गेल्या.

मग एके दिवशी मॅनेजर स्वतः खाली आला, नाकाला रुमाल लावून.

"मावशी, सुरक्षा दिन आहे. सगळी मोठी गिऱ्हाइकं येतील. मी विचार केला. तुमच्या त्या गोष्टीत फार चांगला संदेश आहे."

"असेल. मला कधी दिसला नाही."

"बाही सैल ठेवू नये, हा. तुम्ही ती गोष्ट सांगायची. फक्त शेवट थोडा बदलू. त्या बाईने बाही वर दुमडलेली असते, म्हणून ती वाचते."

"वाचते? मग चादरीच्या पलीकडे कोण असतं?"

"कोणी नाही."

"मग मी सांगू काय?"

"संदेश!"

आक्का थोडा वेळ चादरी वेगळ्या करत राहिली. आजीच्या नदीतलं ते, आईच्या पिळणीमागचे ते हात, सगळे रांगेत उभे राहून बाही दुमडताना तिच्या डोळ्यांपुढे आले. बंदी घातली तेव्हा इतका अपमान वाटला नव्हता. बंदी घालणारा निदान घाबरलेला असतो.

"सांगितली तर पहिलं टेबल परत?"

"कार्यक्रम नीट पार पडला तर बघू."

"बरं. एक चादर लागेल. आणि पलीकडचं टोक धरायला तुम्ही."

मॅनेजर खूश झाला. साहेब कामगारांबरोबर चादर धरतो, हे दृश्य त्याला छायाचित्रासाठी चांगलं वाटलं.

त्या दिवशी रूळ बंद ठेवले होते. ती खोली शांत असते कशी, हे बायकांनी प्रथमच ऐकलं. पाहुण्यांच्या खुर्च्या एका ओळीत होत्या. एका टोकाला मोठ्या इस्पितळाची मुख्य परिचारिका, मग हॉटेलवाले, आणि शेवटची खुर्ची मॅनेजरची. तो आक्कासमोर चादर धरून उभा राहिला. आक्काने गोष्ट सुरू केली. बाही आत गेली. यंत्र थांबलं. बाही निघाली.

"आणि बाई?" मॅनेजरने हसून तिला आठवण करून दिली.

"बाई निघाली नाही," आक्का म्हणाली.

मॅनेजरचं हसू जागच्या जागी राहिलं.

"आता वर घ्या साहेब. आणखी वर. खाली येईपर्यंत हाक मारायची नाही."

चादर वर गेली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वर राहिली. न राहवून मॅनेजर हळूच म्हणाला, "मावशी?"

"ओ," पलीकडून आलं. आवाज आक्काचा नव्हता.

चादर खाली आली तेव्हा तिथे हसरी उभी होती, आयुष्यात पहिल्यांदा न हसणारी, आणि तिच्या दोन्ही बाह्यांवर कडक, ताजी इस्त्री होती.

"आई गं!" मॅनेजर ओरडला आणि चादर सुटली. शहरातली एकूण एक गिऱ्हाइकं साक्षीला होती.

हशा झाला, टाळ्या झाल्या. मॅनेजर जाऊन आपल्या खुर्चीत बसला, कोणीतरी त्याला पाणी दिलं. आक्का परिचारिकेच्या खुर्चीमागे उभी होती. परिचारिकेने मान वळवली. "आणि मग? ती सापडली का?"

नेमकी तेव्हाच बॉयलरवाल्याने ठरल्या वेळी वाफ सोडली आणि रूळ घरघरू लागले. आक्काने कानाकडे बोट केलं, वाकली आणि एक वाक्य सांगितलं. परिचारिकेने रोज मरणं पाहिलेली होती. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त तिने पदर सावरून पाय खुर्चीखाली घेतले. मग शेजारच्या हॉटेलवाल्याच्या कानाशी झुकली. तो पुढच्याच्या. वाक्य ओळीतून सरकत गेलं आणि शेवटच्या खुर्चीपाशी पोचलं. तिथवर जाताना त्याला काय काय फुटलं असेल ते सांगता येत नाही. मॅनेजरने ऐकलं आणि पेला खाली ठेवला.

पुढचं विचारायला त्याने मान वर केली तेव्हा आक्का जागेवर नव्हती. ती पहिल्या टेबलावर उभी होती, दोन कोपरे धरून, कोणाचा आदेश नसताना. समोर हसरी.

तो उठून तिथवर गेला. आवाजात त्याचे शब्द ऐकू येत नव्हते, पण ओठ दिसत होते. पुढे काय झालं?

आक्काने भिंतीकडे हनुवटी उडवली. नोटीस होती तिथेच होती. भीतिदायक बोलण्यास सक्त मनाई. खाली सही त्याची.

त्याने ती नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, जणू दुसऱ्या कोणीतरी लिहिली असावी. आक्काला घाई नव्हती. तिने कोपरे हसरीच्या कोपऱ्यांना भिडवले, घडी घातली, गाडीवर ठेवली आणि रुळांतून पुढची चादर ओढली.

मग मॅनेजर टेबलावर वाकला आणि त्याने कान पुढे केला.