पक्कं कॉलेज

पुण्याजवळ भुकूमला रस्त्याच्या कडेला आमचं रंगांचं दुकान आहे. कुठला डबा खपवायचा ते अण्णा, म्हणजे माझे वडील, आधीच ठरवतात आणि गिऱ्हाइकापुढं तोच पहिला ठेवतात. दुकानामागं आमचं घर आणि घरामागं आता टॉवर झालेत. त्यातल्या एका टॉवरमध्ये सर राहतात. सर शिक्षक नाहीत. मूळचे लातूरकडचे, हिंजवडीत कंपनीत नोकरीला. पण बारावीच्या मुलांचे मार्क बघून कुठलं कॉलेज मिळेल ते बिनचूक सांगतात, म्हणून सगळ्यांचे सर झाले. निकाल लागले की पत्रिका दाखवायला जावं तसे लोक पोरांना घेऊन त्यांच्याकडे जातात. मी या प्रकाराला खूप हसायचे. माझी वेळ आली तेव्हा हसू कुठं पळालं ते कळलं नाही.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात अण्णा, मी आणि आठवीतली धाकटी बहीण. मला पुण्यातलं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कॉलेजपेक्षाही जास्त तिथलं होस्टेल हवं होतं. स्वयंपाक, धाकटीची शाळा, अण्णांचं पथ्यपाणी आटपून मी सीईटीचा अभ्यास केला होता. मला त्या घरातून निघायचं होतं. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही. अण्णांनी शब्द दिला होता, "सरकारी मिळालं तर खुशाल जा. दुसरं कुटलंबी मिळालं तर घरनंच जाऊन येयाचं."

म्हणजे माझं जाणं-राहणं त्या एका कॉलेजावर टांगलेलं होतं, आणि ते मिळेल का हे सर सांगणार होते.

सरांनी लॅपटॉपवर मागच्या वर्षांचे आकडे उघडले. माझे पर्सेंटाइल विचारले, थोड्या वेळानं पुन्हा विचारले. मग डॉक्टर रिपोर्ट वाचतो तसे ते आकडे वरखाली करत राहिले. अण्णा मांडीवर हात ठेवून सरांच्या तोंडाकडं बघत होते.

"अगदी काठावर आहे," सर शेवटी म्हणाले. "मागच्या वर्षीचा कटऑफ हिच्या जरासा वर गेला होता. यंदा खाली येऊ शकतो. पण मी खात्री नाही देणार."

"म्हंजी न्हाई मिळणार," अण्णा म्हणाले.

"तसं नाही म्हटलं मी, काका."

"आन् पक्कं कंचं हाय?"

"हिंजवडीकडचं. ते डोळे झाकून मिळेल."

"मंग तेच पयलं टाका."

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉलेजांची यादी आपल्या आवडीच्या क्रमानं भरायची असते. कॉम्प्युटर वरून खाली बघत जातो आणि ज्या पहिल्या कॉलेजात आपले मार्क बसतात ते देऊन टाकतो. यादीतलं अगदी पहिलंच मिळालं तर तोच प्रवेश पक्का, पुढच्या फेऱ्या बंद. त्यामुळे हवं असलेलं कॉलेज वर टाकायला काहीही लागत नाही. नाही मिळालं तर खालचं आहेच. हे मला माहीत होतं आणि मी ते बोललेसुद्धा.

अण्णा ऐकेनात. "दुसऱ्या नंबरला टाकलं तर त्या कॉलेजला काय वाटंल? आपल्याला कमी लेखलं म्हणतील. मंग कशाला घेतील ती?"

"अण्णा, ही काय सोयरीक हाय का? त्यांना मान लागतोय व्हय?"

मी सरांकडं बघितलं. ते माझ्या बाजूनं बोलतील अशी मला खात्री होती. त्यांनी तोंड उघडलंही, पण अण्णा हळूच म्हणाले, "सर, मला पक्कं पायजे." सर एकदा अण्णांकडं बघून टाइप करायला लागले. हिंजवडीकडचं पहिलं गेलं, सरकारी दुसरं. यादी पक्की करायचा ओटीपी नोंदणीतल्या नंबरवर, म्हणजे अण्णांच्या फोनवर आला. त्यांनी तो एकेक आकडा सुटा करून वाचून दाखवला. तो फोन मी हिसकावून घ्यायला हवा होता असं मला अजून वाटतं, आणि घेतला नसता हेही माहीत आहे.

पहिल्याच फेरीत पहिलंच कॉलेज मिळालं. अण्णांनी पेढे आणले, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दिले. "सर म्हणले तसंच झालं," हे वाक्य त्या दिवशी मी इतक्यांदा ऐकलं की कान किटले. संध्याकाळी सर आले. अण्णा त्यांच्याबरोबर बाहेर पायरीपाशी उभे राहिले. मी चहा ठेवला होता, तो न घेताच सर गेले.

"काय म्हणत हुते?" मी विचारलं.

"काय न्हाई. बाल्कनीला रंग द्यायचाय म्हणत हुते."

त्याच आठवड्यात अण्णांनी माझ्यासाठी स्कूटी आणली. मी मागितली नव्हती. बक्षीस असेल म्हणून मी खूश झाले.

मग माझ्या वर्गातल्या एका मुलीचा फोन आला. तिला सरकारी मिळालं होतं, माझीच शाखा, आणि तिचे मार्क माझ्यापेक्षा कमी होते. मी कटऑफची यादी उघडून बघितली. माझा नंबर आरामात लागत होता. बाहेर अण्णा कुणाला तरी हौसेनं माझ्या कॉलेजचं सांगत होते. त्यांना हे कळलं तर माणूस मोडून पडेल असं वाटून मी गिळून टाकलं. चांगली पाच वर्षं गिळलं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटीवर धूर खात कॉलेज केलं, आता त्याच रस्त्यानं नोकरीला जाते आणि संध्याकाळी येऊन कुकर लावते.

यंदा धाकटी बारावी झाली. तिला तेच सरकारी कॉलेज हवंय, तेच होस्टेल, आणि तिचेही मार्क काठावरच आहेत. गेल्या आठवड्यात अण्णा दुकानात ब्रश मांडता मांडता म्हणाले, "रविवारी सरांकडं जाऊ. पक्कं बघून ठेवा म्हणून सांगितलंय त्यास्नी."

"हिची यादी मी भरणार," मी म्हटलं.

"का? तुजं वाईट झालं का काय?"

"अण्णा, मला सरकारी मिळत हुतं. पयलं टाकलं असतं तर मिळालं असतं."

एवढी वर्षं जपून ठेवलेलं ते वाक्य तोंडातून गेलं आणि मी त्यांना सावरायला पुढं झाले. अण्णांचा हात ब्रशवरून हललासुद्धा नाही.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पेढे वाटले त्याच दिशी सर सांगून गेले."

मी पुढं केलेला हात मागं घेतला.

"घरात कोण हुतं मंग? ही आठवीत. हिला कुणी बघायचं, तूच सांग."

"आन् आता?"

"आता तुजं लगीन व्हईल. तू गेल्यावर मला कोण हाय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलतात तसेच मऊ बोलत होते.

धाकटी मधल्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हातात फोन होता, त्यावर नोंदणीचं पान उघडलेलं होतं. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, शेवटचा ब्रश जागेवर ठेवला आणि म्हणाले, "मोबाईल नंबर माजाच टाक त्यात."