वडिलांचा रकाना

देवावर माझा विश्वास होता, पण त्याच्यासमोर जायला मला तोंड राहिलं नव्हतं. नऊ वर्षं मी एक खोटं बोलत आले होते. रोज देवापाशी बसले की तेवढं सोडून बाकी सगळं त्याला सांगायचे.

आम्ही सावद्याला राहतो. मी घरीच ब्लाउज शिवते. माझी मुलगी कोमल नऊ वर्षांची असताना तिचे वडील घर सोडून गेले आणि धुळ्याला त्यांनी दुसरा संसार मांडला. मी गल्लीत सांगितलं, त्यांना सुरतला नोकरी लागली. वाटलं होतं, चार महिन्यांत परत येतील, तोवर बोभाटा कशाला? ते आले नाहीत आणि मला माझे शब्द मागे घेता आले नाहीत. दिवाळीला मी माझ्याच कमाईतून साडी घ्यायचे आणि शेजारणींना दाखवताना म्हणायचे, "यांनी पाठवली." शाळेच्या कागदांवरही तेच गेलं. पोरही हळूहळू तेच बोलायला शिकली. त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

बारावीत असताना कोमलने अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी अर्ज केला. तिच्या अभ्यासाबद्दल मला काळजी नव्हती, पण आर्थिक मदत मिळाली तरच जाणं होतं, नाहीतर नाही. त्या मदतीचा अर्ज निराळा. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणणं, त्याचं इंग्रजी करून घेणं, सगळं तिने एकटीने केलं. एका ठिकाणी मात्र ती अडली. आई-वडील वेगळे राहत असले तरी दोघांचीही माहिती द्यायची होती. वडिलांनी स्वतः भरायचा फॉर्म वेगळा होता. ते शक्य नसेल, तर घरची परिस्थिती ठाऊक असलेल्या, नात्यात नसलेल्या माणसाचं पत्र लागणार होतं. शाळेतल्या कुणाचंही चाललं असतं.

"आई, वडिलांच्या रकान्यात काय लिहू?" तिने विचारलं.

"सुरत लिही," मी म्हणाले.

तिने तो रकाना रिकामाच ठेवला. मग म्हणाली, "तिथे खरं लिहायचं असतं गं."

अर्जाची मुदत संपायला आठ दिवस उरले होते. गावाला खरं सांगण्यापेक्षा कोमलच्या वडिलांपुढे हात पसरणं मला सोपं वाटलं. जळगावला जाऊन मी धुळ्याची बस धरली. नणंदेकडून मिळालेला पत्ता पर्समध्ये होता आणि वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते. तुमच्याकडून काही नको, फक्त फॉर्म भरून सही द्या. दर वेळी वाक्य अर्ध्यावर तुटायचं.

एरंडोलला बस थांबली. कंडक्टरने आवाज दिला, "पद्मालयवाले उतरून घ्या." माझं तिकीट धुळ्याचं होतं. तरी मी उठले. का उठले, ते मला आजही सांगता येत नाही. बस निघून गेली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी होते, आणि समोर पद्मालयच्या गणपतीला जाणारी रिक्षा भरत होती. मी बसले.

देवळात गर्दी नव्हती. गाभाऱ्यात दोन गणपती शेजारी शेजारी आहेत, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या सोंडेचा. हात जोडून मी सही मागायला गेले, तर तोंडातून शब्दच फुटेना. बाहेर येऊन तळ्याच्या काठी बसले आणि मला रडू आवरेना. जवळच एक म्हातारी बाई दूर्वांच्या जुड्या बांधत होती. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला आणि अहिराणीत विचारलं,

"काय व्हयनं, माय?"

आणि नऊ वर्षांत कुणाला न सांगितलेलं मी त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. साड्यांचंसुद्धा. ती जुड्या बांधत ऐकत राहिली. तिला ना नवल वाटलं, ना तिने कीव केली. माझं संपल्यावर म्हणाली, "देवले बठ्ठं माहीत शे. आते माणूसले सांग." देवाला सगळं ठाऊकच आहे, आता माणसाला सांग.

"तुम्हाला सांगितलं की," मी म्हणाले.

"मी परकी. तुना गावमा सांग."

मी धुळ्याला गेलेच नाही. परतीच्या बसमध्ये भीती होतीच, पण आता कुठे जायचं ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोमलच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे गेले. दारातच उभी राहून एका दमात सगळं बोलले, नाहीतर मागे फिरले असते. शाळेच्या कागदांवर खोटं लिहिलं, तेही सांगितलं. सर उठले, स्वतः खुर्ची ओढून मला बसवलं आणि म्हणाले, "या कामाला लागेल तेवढंच लिहितो. चालेल ना?" त्यांनी आणखी एक प्रश्नही विचारला नाही. पत्र इंग्रजीत टाइप केलं आणि मला समजावं म्हणून मराठीत वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, "गेली नऊ वर्षं या मुलीला तिच्या आईने एकटीने, शिवणकाम करून वाढवलं आहे."

मी ते पुन्हा वाचायला सांगितलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी माझी लाज झाकतेय. खरं तर माझ्या हातांचं सगळं काम मी न आलेल्या माणसाच्या नावावर करत होते.

पत्र गेलं. पुढचे काही महिने वाट पाहण्याचे होते. नवस बोलायचा विचार मनात आला, पण बोलले नाही. रोज एवढंच म्हणायचे, "आमचं होतं ते सगळं तुझ्यापुढे उघडं ठेवलंय. तिला पाठव, नाहीतर इथेच शिकव." असं मनापासून म्हणता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग एका दुपारी मी बाही जोडत असताना कोमल मशीनपाशी येऊन उभी राहिली. "मदत मिळाली, आई. फी पण, राहण्याचं पण." मी तिची ओढणी सरळ करत राहिले.

त्या दिवशी बसमध्ये मला कुणी उठवलं, याचा शोध मी घेत नाही. मी मागायला निघाले होते ते मिळालं नाही, आणि जे मिळालं ते मागायची माझी हिंमत नव्हती. एवढं मला पुरतं.

कोमलच्या निघण्याच्या आदल्या आठवड्यात समोरच्या मंगलाअक्का आल्या. म्हणाल्या, "विमानतळावर सोडायला तिचे वडील येतील ना सुरतहून?"

"नाही अक्का," मी म्हणाले. "ते नऊ वर्षांपूर्वीच आम्हाला सोडून गेले. मी एकटीच जाणार आहे."

अक्कांनी माझ्या हातातल्या, घडी करायच्या चादरीचं दुसरं टोक धरलं.

"जाताना पोर असेल बरोबर," त्या म्हणाल्या. "येताना एकटी कशी येशील? मी येते."